नर्स व्हायचंय म्हणणाऱ्या मुली आणि आपली घरं



या ग्रुपवर आपण शाळा, नाटक मंडळ्या, गणेशोत्सव, पतपेढ्या यांच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या. घरात डॉक्टर झालेल्यांच्या तर किती तरी. पण नर्स झालेल्या आपल्या बायकांवर कुणी लिहिल्याचं मला आठवत नाही. बेळगावच्या आमच्या घरात एक नर्स होती, माझी थोरली आत्या. म्हणून लिहायला बसलो. मी बी.कॉम. झालेला, जन्म बँकेत गेलेला माणूस. वैद्यकातलं मला कळत नाही, पण माणूस एखादी नोकरी का धरतो आणि ती कशी करतो, एवढं बघायची सवय आहे.

आधी मागची शिल्लक बघू. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या सोवळ्या घरांत हे काम हलकं समजत. परक्याचं अंग पुसायचं, मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची, त्यातून परपुरुषाला हात लावायचा. बाळंतपणाला सुईण लागायचीच, पण ती उंबऱ्याबाहेर गेली की घर धुऊन घ्यायचे. त्यामुळे सुरुवातीला हे शिक्षण घेणाऱ्यांत युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि ख्रिश्चन मुलींचा भरणा होता. आमच्या भागात डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेला मिशनचं इस्पितळ काढलं. बेळगावकरांना 'मिरजेला नेलंय' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नसे. इलाज त्या इस्पितळाचा चाले. आपली लेक तिथं कामाला मात्र चालत नसे.

याच काळात पुण्यात प्लेग आला. लोक रोगापेक्षा प्लेगच्या इस्पितळालाच जास्त भीत. सावित्रीबाई फुले तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. मुलगा डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर ससाणे मळ्यात रुग्णांची सोय केली होती. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा आजारी मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथं आणला, असं सांगतात. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्याकडे नर्सचा दाखला नव्हता, पण या पेशाची पहिली अट त्यांनी पाळली. समोरच्याची जात विचारायची नाही, आणि आपल्या जिवाचा हिशोब आधी मांडायचा नाही.

दुसरं नाव रमाबाई रानड्यांचं. 'उंच माझा झोका' मालिकेमुळे त्या घराघरांत पोचल्या. १९०९ साली त्यांनी आणि गोपाळ कृष्ण देवधरांनी पुण्याचं सेवासदन उभं केलं. तिथून तरुण विधवांना नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवायला सुरुवात झाली, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. रमाबाई जुन्या वळणाच्या बायकांत मिसळणाऱ्या. त्यांनी भाषणबाजी केली नाही, एकेक घर धरून समजूत काढली. विधवेचं आयुष्य स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कढण्यासाठी नाही, हे नर्सिंगच्या निमित्तानं कित्येक घरांना पहिल्यांदा पटलं. पुढे १९३५ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात नर्सेसची नोंदणी सुरू झाली आणि १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. हलकं म्हटलेलं काम रीतसर पेशा झालं.

आता आमची आत्या. एकविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. १९५२ साली तिनं घरात सांगितलं, मी मिरजेला नर्सिंग शिकायला जाणार. आजी म्हणाली, "मास्तरीण हो की गे, चार माणसांत मान तरी हाय." आजोबांनी विचारलं, परजातीच्या माणसाचं करशील? आत्याचं उत्तर घरात अजून सांगतात, "दुखणं जात विचारून येतं काय?" ती काही सेवेचं व्रत घेऊन गेली नव्हती. भावजयीच्या ताटाखाली राहायचं नाही, स्वतःची भाकरी स्वतः कमवायची, म्हणून गेली. मीटरगेजच्या गाडीनं, एक ट्रंक घेऊन. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. आत्याची नोंदणी मुंबईची ती मुंबईचीच राहिली. त्यावर तीच हसायची.

म्हणून मला वाटतं, पगारासाठी नर्स होणं यात कमीपणा काही नाही. प्रश्न पुढचा असतो, तो कामावर उभं राहिल्यावर येतो. बँकेत लागलो तेव्हा मी गुप्ततेच्या कागदावर सही केली. खातेदाराची शिल्लक बायकोलाही सांगायची नाही. आत्या म्हणाली, आमचंही तेच. नर्सिंगच्या मुली दिवा हातात घेऊन जी शपथ घेतात, तिचा मूळ मजकूर १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाला. रुग्णाच्या घरचं बाहेर बोलणार नाही, अपाय होईल असं औषध जाणूनबुजून देणार नाही, हे त्यात आहे. आत्याला शेजारच्या बायका कुणाकुणाचं विचारायच्या. "वॉर्डातलं वॉर्डात," म्हणून ती भाजी निवडत बसायची. मॉर्फिन, पेथिडिनच्या कपाटाची किल्ली सिस्टरकडे, प्रत्येक ॲम्प्यूलची रजिस्टरात नोंद, त्यावर सह्या. आमच्या तिजोरीच्या दोन किल्ल्यांसारखंच. फरक एवढाच, की आमची चूक संध्याकाळी टॅली करताना सापडायची. रात्री तीन वाजता ग्लानीतल्या पेशंटला डोस दिला की नाही, हे मात्र देणारीलाच ठाऊक असतं.

ड्यूटीवरून आली की आंघोळ केल्याशिवाय आजी तिला देवघराकडे फिरकू देत नसे. तीच आजी पुढे अर्धांगवायूनं सात महिने पडून होती. आत्यानं बिनपगारी रजा काढली. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसून कोरडी करायची, रात्री गजर लावून उठायची. आजीच्या पाठीला एकही जखम झाली नाही. शेवटी शेवटी आजी दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी घेत नसे. घरानं आत्याची माफी मागितली नाही, आपल्याकडे तशी रीत नाही. पण त्यानंतर कुठल्याही कार्यात पहिला सल्ला तिचा घेऊ लागले.

पाठीला जखम न होणं म्हणजे काय, हे मला पुढे अरुणा शानभागांच्या बातम्या वाचताना नीट कळलं. कारवारकडच्या हळदीपूरची ही मुलगी मुंबईच्या केईएममध्ये नर्स होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं तिच्यावर हल्ला केला आणि तिची शुद्ध कायमची हरपली. १८ मे २०१५ ला ती गेली. ही एकेचाळीस वर्षं तिला केईएमच्या नर्सेसनी सांभाळलं. हल्ला झाला तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या, अशा मुलींनीसुद्धा. तिला जगवणारं अन्न थांबवावं, असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा या नर्सेसनी विरोध केला आणि २०११ च्या निकालात त्यांचं म्हणणं मानलं गेलं. त्याच निकालानं, ठरावीक बंधनं घालून, असाध्य अवस्थेत उपचार थांबवायची वाटही खुली केली. अशा जगण्याला काय म्हणावं, यावर दोन मतं असू शकतात, माझ्या घरातही आहेत. पण आपल्या एका बहिणीला टाकायचं नाही, हा निर्णय त्यांनी रोज, प्रत्येक पाळीला नव्यानं घेतला. यावर दुसरं मत नसावं.

आज आपल्या घरांतून मुली, आणि मुलगेही, बी.एस्सी. नर्सिंगला जातात. जर्मनी, आखाती देश, इंग्लंड अशा चौकश्या होतात. जरूर जावं. फक्त फी आणि पॅकेज विचारताना घरच्या वडीलधाऱ्यांनी पोरांना आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. घाण वाटणाऱ्या कामाला हात घालशील का? कुणी बघत नसताना नियम पाळशील का? ऐकलेलं पोटात ठेवशील का? तिन्हींना हो म्हणणारी पोर घरात असेल तर तिला 'मास्तरीण हो की' म्हणू नका.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, गोवा, आपल्या साऱ्या गावांत अशा आत्या-मावश्या असणार. त्यांचं नाव नको असेल तर नका लिहू, पण त्या कुठल्या साली, कुणाचा विरोध पत्करून गेल्या, एवढं तरी लिहा. आपल्या जमाखर्चात ही बाजू कोरीच राहिली आहे.