टोचल्यानंतरचा ताप

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका रुग्णाचा चढता ताप आणि अंगावरची गाठ पाहिली आणि निदान केलं: प्लेग. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे हे डॉक्टर जे सांगत होते ते शहराला पटायला वेळ लागला. पटलं तेव्हा गाठोडी बांधून माणसं गावाकडे निघाली होती.

जांघेत किंवा काखेत येणारी ती गाठ म्हणजे शरीराची हरत चाललेली लढाई. पिसू चावली की जंतू त्वचेखालून जवळच्या लसिकाग्रंथीत पोहोचतात. एरवी तिथल्या भक्षक पेशी परक्या जंतूंना गिळून टाकतात. प्लेगचा जंतू मात्र गिळला गेला तरी मरत नाही, त्या पेशींच्या आतच वाढतो. कुमक म्हणून आणखी पेशी धावून येतात, ग्रंथी सुजते, ठणकते, आणि तरीही जंतू आवरले नाहीत तर रक्तात उतरतात.

अशा साथीत, ऑक्टोबरमध्ये, वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. जन्म ओडेसाचा. भक्षक पेशींचा सिद्धान्त मांडणाऱ्या मेचनिकॉव्ह यांचे ते विद्यार्थी. कॉलऱ्याची लस त्यांनी आधीच तयार केली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जागा मिळाली ती एक खोली आणि तिच्यालगतचा व्हरांडा, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई.

तिथे त्यांनी प्लेगची लस तयार केली, तिची कृती पाहण्यासारखी होती. चंबूत मांसाचा रस्सा, त्यावर तरंगणारे तुपाचे थेंब. चंबू हलवायचा नाही. मग तुपाच्या थेंबांना धरून जंतूंचे धागे खाली लोंबत वाढतात. थोड्या दिवसांनी चंबू हलवून ते धागे तळाशी पाडायचे आणि नवे वाढू द्यायचे. पुरेशी वाढ झाली की सगळं तापवून जंतू मारायचे आणि वर कार्बोलिक आम्ल घालायचं.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप चढला, टोचल्या जागी कळा आल्या. मेलेले जंतू वाढू शकत नव्हते, पण शरीराने त्यांना ओळखलं होतं. अशा वेळी पेशी रासायनिक संदेश सोडतात, मेंदू अंगाचं तापमान वाढवतो, टोचल्या जागी रक्त धावतं आणि पुढच्या काही दिवसांत त्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ लागतात. लस घेणाऱ्याचा ताप म्हणजे खऱ्या लढाईची आधीच झालेली तालीम.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचली, इतरांना नाही. लस घेतलेल्यांत प्लेगही कमी झाला आणि मृत्यूही.

तरी लोक बिचकत होते, आणि त्यात नवल नव्हतं. निरोगी माणूस सुई घेतो आणि तापाने फणफणतो, हे ज्याने घरात डोळ्यांसमोर पाहिलं, त्याला तुरुंगातले आकडे कसे पटणार? त्यात सरकारी पथकं घरात घुसून झडत्या घेत, आजाऱ्यांना उचलून नेत. पुण्यात या जाचाचा संताप इतका पेटला की २२ जून १८९७ रोजी तिथला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याआधीच, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने सावित्रीबाई फुले गेल्या होत्या.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस टोचली होती. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांचं पद गेलं. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, हे रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी लावून धरलं, तेव्हा कुठे १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. एवढी वर्षं एका निरपराध माणसाला अपराध्यासारखं वागवलं गेलं, हा अन्यायच होता.

त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्येच परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हलली होती. १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव मिळालं, तेव्हा ते हयात होते. पुढे त्याच हाफकिन संस्थेने सर्पदंशावरचं प्रतिविष आणि पोलिओचे डोसही तयार केले.