वासोण्याच्या वाटेवरची काँटेसा

सिल्वासाहून खानवेलकडे जाताना वासोणा लागतं. सिंह-सफारीचं गाव. ऐन मे महिन्यात तिथे एक जुनी काँटेसा उभी होती, चारही काचा खाली. एसी आहे, पण चढ लागला की बंद करतो, असं मालकाने हसत सांगितलं.

मंडळी, मला अमेरिकेतल्या 'मसल कार' आठवल्या. मध्यम आकाराची गाडी आणि पोटात राक्षसी इंजिन! मोटारीत एसी पॅकार्ड कंपनीने 1940 सालीच दिला होता. पण 1970 साली 425 अश्वशक्तीचं 'हेमी' इंजिन घेणाऱ्याला पैसे मोजूनही तो मिळत नसे. कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. इंजिन बेफाम पळालं की त्याला तो वेग सोसवत नाही. शिवाय कंडेन्सर रेडिएटरची हवा अडवतो. ब्युइकने मात्र त्याच वर्षी 455 घन इंचांच्या 'स्टेज वन'ला एसी देऊ केला. शहाणे लोक! पणजीचा मे सोसलेल्या माणसाला गारवाच प्यारा.

आपल्याकडचं दुखणं उलटं. तिथे शक्ती फार म्हणून एसी नाही, इथे शक्तीच तोकडी. 1984 साली आलेल्या काँटेसाचा डौल विलायती व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा, पण इंजिन अ‍ॅम्बेसेडरचं, 1489 सीसी आणि जेमतेम 50 अश्वशक्ती. त्यातले काही घोडे कॉम्प्रेसरच खायचा. पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन बसलं, तेव्हा कुठे त्या डौलाला गारवा झेपू लागला. 2002 साली काँटेसाचं उत्पादन थांबलं.