वापर-चाचणीची कुळकथा

रुग्णालयातले सॉफ्टवेअर ज्याच्या हातून चालणार, त्याच्याच हाती ते आधी द्यायचे आणि तो कुठे अडखळतो हे न बोलता पाहायचे, याला वापर-चाचणी म्हणतात. यात परीक्षा सॉफ्टवेअरची असते, माणसाची नव्हे. या विचाराचे मूळ दवाखान्यात नाही, विमानात आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची काही बी-१७ बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत. पंखांचे फ्लॅप मिटवायला गेलेला वैमानिक चुकून चाके आत ओढून घेई. दप्तरी नोंद व्हायची ती ‘वैमानिकाची चूक’ अशी. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चपॅनिस यांनी कॉकपिट तपासले, तेव्हा दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि अगदी सारखे निघाले. मग चाकांच्या खटक्यावर रबरी चाक बसवले, फ्लॅपच्या खटक्यावर पाचर. न पाहताही बोटांना फरक कळू लागला. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा ४६० चुकांची छाननी केली आणि दोष बहुतांशी मांडणीत दाखवला.

वैद्यकात हा धडा पोचला तो किंमत मोजून. थेरॅक-२५ या संगणकचलित किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना अतिरिक्त मात्रा दिली. टेक्सासमधल्या प्रकारात तंत्रज्ञाने चुकीचे अक्षर टाइप केले आणि लगेच सुधारले. सरावाच्या हाताने केलेली ही दुरुस्ती आठ सेकंदांत आटोपली, आणि तेवढ्या वेगात झालेला बदल सॉफ्टवेअरने नीट टिपलाच नाही. पडद्यावर उमटले फक्त ‘बिघाड ५४’. त्याचा अर्थ वापरपुस्तिकेत नव्हता. एक कळ दाबली की उपचार पुढे चालू होई.

चाचणीची रीत दरम्यान घडत होती. १९८२ मध्ये आयबीएमच्या क्लेटन लुईस यांनी वापरणाऱ्याला काम करता करता मनातले मोठ्याने बोलायला लावण्याची पद्धत मांडली. २००७ मध्ये आयईसी ६२३६६ हे वैद्यकीय उपकरणांच्या वापरसुलभतेचे आंतरराष्ट्रीय मानक आले. अमेरिकेची औषधे व वैद्यकीय उपकरणे नियंत्रित करणाऱ्या एफडीएने २०१६ च्या मार्गदर्शिकेत अंतिम चाचणीसाठी प्रत्येक वापरगटातून किमान १५ जण सुचवले. डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण हे वेगवेगळे गट. भारतात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणाच्या कायदेशीर व्याख्येत सॉफ्टवेअरचाही समावेश झाला.

पुढच्याच वर्षी कोविड लसीकरणाची सरकारी संगणकप्रणाली ‘कोविन’ आली. बारामतीचे सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय असो, इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय असो की एखाद्या आडगावातले आरोग्य केंद्र, लसीची नोंद याच प्रणालीत होई. २ जानेवारी २०२१ ला पुणे जिल्ह्यासह देशभर निवडक केंद्रांवर तिची रंगीत तालीम झाली. तरीही एक चूक पुढे प्रत्यक्ष वापरात उघडी पडली. वेळ घेऊनही केंद्रावर न गेलेल्या काही जणांना ‘लस दिली’ असा संदेश आला. लस देणाऱ्याने चुकून भलत्याच नावापुढे नोंद केलेली असे. ८ मे २०२१ पासून चार आकडी सुरक्षा कोड आला: समोरच्या माणसाने कोड सांगितल्याशिवाय नोंद पुरी होईना.

हा कोड चपॅनिस यांच्या रबरी चाकाच्याच कुळातला. कर्मचाऱ्याला ‘लक्ष द्या’ असे बजावण्यापेक्षा चूक होऊच नये अशी मांडणी त्याने केली. फरक इतकाच, की ही दुरुस्ती चुका घडल्यानंतर झाली. ती आधी व्हायची तर चाचणी शहरातल्या थंड खोलीत घेऊन भागत नाही. बाहेर रांग वाढते आहे, मोबाइलची रेंज येते-जाते आहे आणि यादीत एकाच आडनावाची दहा माणसे आहेत, अशा वेळी उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेच्या शेजारी बसूनच ती घ्यावी लागते.