शेणवीमामाच्या शाळेपासून निसर्गरम्य गावापर्यंत

डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत मी मराठी शिकवायला लागले, तेव्हाची गोष्ट. आठवीच्या वर्गाला ‘माझा गाव’ हा निबंध दिला होता. एकेचाळीस वह्या आल्या आणि बहुतेकींची सुरुवात एकच, ‘माझा गाव निसर्गरम्य आहे.’ बाहेर रस्त्यावरून खनिजाचे ट्रक एकामागून एक जात होते. खिडकीच्या गजांवर, बाकांवर, त्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवरदेखील तांबडी धूळ बसलेली. तिच्याबद्दल कुणी अक्षर लिहिलं नव्हतं.

फक्त एका मुलीने लिहिलं होतं. तिची आजी रोज सकाळी तुळशीची पानं ओल्या फडक्याने पुसते, मग पाणी घालते. पावसात ‘न्हंय’ तांबडी होते आणि आजी म्हणते, आता कपडे धुवायचे की रंगवायचे? मी त्या निबंधाला दहांपैकी चार गुण दिले. खाली लाल पेनाने शेरा मारला, ‘बोलीभाषा टाळावी.’ निसर्गरम्यवाल्यांना सात-सात मिळाले.

ते चार गुण मला अजून टोचतात, मैत्रिणींनो. गाइडातला निबंध पाठ करून घेणाऱ्यांत मीही होतेच. पुढे या मुलखात मुलं पूर्वी लिहायला कशी शिकत असतील याचा शोध मी घेऊ लागले, तो खरं तर त्या टोचणीमुळे.

पेडणे आणि डिचोली हे गोव्यातल्या ‘नव्या काबिजादी’तले तालुके. डिचोली-सत्तरीचा भाग पोर्तुगीजांकडे गेला १७८० नंतरच्या दोन-चार वर्षांत आणि पेडणे १७८८ मध्ये. त्याआधी इथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल. बार्देश, तिसवाडी, साष्टी हे भाग दोनअडीचशे वर्षं आधी गेले होते. तिथे १६८४ साली स्थानिक भाषेविरुद्ध फर्मानच निघालं, लोकांनी पोर्तुगीज बोलावं म्हणून. नव्या काबिजादीत राज्यकर्ते शहाणे झाले होते म्हणा किंवा थकले होते म्हणा, पण लोकांच्या धर्माला आणि रीतिरिवाजांना त्यांनी फारसा हात लावला नाही. म्हणून इथे देवळं राहिली, मोडी राहिली, पोथी राहिली.

(आपल्या बायकांना आवडेल म्हणून जाता जाता सांगते. डिचोली तालुक्यातल्या कुडणे गावात ‘गुजिर’ म्हणतात त्या जुन्या जैन देवळाचे अवशेष आहेत, आणि नार्वे गावात ‘जैन कोट’. सप्तकोटेश्वराला जाणाऱ्या बायका पुष्कळ, पण तिथवर वाट वाकडी करणारी एखादीच.)

शाळा म्हणजे शेणवीमामाची शाळा. देवळाच्या चौकात नाहीतर कुणाच्या ओसरीवर पोरं जमत. पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवायची. मोडी, हिशेब, पावकी-निमकी. थोडं जमायला लागलं की पोथी पुढ्यात यायची. मास्तरांचा पगार बहुधा तांदूळ-नारळांच्या रूपात. मुली तिथे नव्हत्या. मुलींचं शिक्षण कानांनी व्हायचं, श्रावणातल्या पोथीला आईच्या मांडीला टेकून.

या शिकण्यातली एक गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. पेडण्याचं मूल घरात बोलतं कोकणी, तीही पेडण्याच्या वळणाची. लिहायचं मात्र मराठीत. पुण्याच्या मुलाला लिहिण्याची भाषा थोडीफार घरात, बाजारात ऐकायला मिळते. पेडण्याच्या मुलाला ती मिळायची ती पोथीतून, कीर्तनातून आणि जत्रेतल्या दशावतारातून. दशावतारात तर लिहिलेली संहिताच नसते. राजा आणि राक्षस तिथल्या तिथे मराठी रचत जातात आणि पोरं पहाटेपर्यंत डोळे ताणून ऐकतात. म्हणजे ‘वाचाल तर चांगलं लिहाल’ ही इथे नुसती शिकवण नव्हती. वाचलं-ऐकलं नाही, तर लिहायला भाषाच नव्हती.

दोन मुलगे एका वर्षाच्या अंतराने जन्मले. एक सांखवाळचा, १८७६ चा. दुसरा खुद्द डिचोलीचा, १८७७ चा.

पहिले धर्मानंद कोसंबी. शाळा जेमतेम झाली, पुढे घरच्या नारळीच्या बागायतीचं काम. पण तुकोबा वाचत होते, मिळेल ते मराठी मासिक वाचत होते. अशात ‘बालबोधमेवा’ या मिशनऱ्यांच्या मुलांच्या मासिकात त्यांना बुद्धाचं चरित्र वाचायला मिळालं. मुलांसाठी लिहिलेला एक लेख, बस्स! त्यापायी हा माणूस १८९९ मध्ये घर सोडून पुण्याला संस्कृत शिकायला गेला. तिथून काशी, नेपाळ, सिलोन करत पुढे थेट अमेरिकेत हार्वर्डला पोचला. १९२४ मध्ये आलेलं त्यांचं ‘निवेदन’ हे आत्मचरित्र मी आता दरवर्षी वर्गात वाचते. वाक्यं साधी, जिथल्या तिथे. आपली फजिती सांगताना हा माणूस लाजत नाही. कुठल्याही गाइडाने अशी मराठी शिकवलेली नाही.

‘भगवान बुद्ध’ या त्यांच्या पुस्तकातल्या मांसाहाराच्या मजकुरावरून आपल्या समाजात केवढं वादळ उठलं, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. माझ्या माहेरी त्यांचं नाव घेतलेलं चालत नसे. पण त्याच कोसंबींनी ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ लिहिला, आणि १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ते पुस्तक आण बघू.”

दुसरे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजे शणै गोंयबाब. डिचोलीत जन्मलेले, नोकरी-संसार मुंबईत. किती भाषा शिकले, किती वाचलं! फ्रेंच नाटककार मोलिएर वाचून तो कोकणीत आणला. आणि मुलांना वाचायला पुस्तक हवं म्हणून ‘भुरग्यांलो इश्ट’ लिहिलं. इश्ट म्हणजे दोस्त. मराठी-कोकणीच्या वादात मला पडायचं नाही, त्यात आधीच पुष्कळ जण पडलेत. पण ज्या डिचोलीने हा माणूस दिला, तिथेच बसून मी एका चेडवाच्या वहीवर ‘बोलीभाषा टाळावी’ लिहीत होते, हे नजरेआड कसं करू?

१९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना थोडा मोकळा श्वास मिळाला. मराठी शाळा, वाचनालयं, नियतकालिकं निघाली. पणजीला १८३२ पासून सरकारी ग्रंथालय होतं, पण पेडण्याच्या पोराला त्याचा काय उपयोग? त्याआधीच, १९०८ साली, पणजीत मुष्टिफंड संस्था सुरू झाली होती. नावातच सगळं आलं. घरोघरी रोजच्या तांदळातला मूठभर बाजूला काढायचा आणि त्यावर शाळा चालवायची. ती मूठ कोण काढत असेल, हे तुम्हाला सांगायला नको. स्वतः शाळेत न गेलेल्या बायकांनी भाताच्या पातेल्यातून शाळा काढली. इतिहासात नावं मात्र संस्थापकांची.

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. तेही पेडण्याचेच. त्यांनी खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, आणि मुली पाटी घेऊन बाहेर पडल्या त्या तेव्हा. त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर पुढे मुख्यमंत्री झाल्या, नंतर शिक्षणमंत्री. आता त्यांतल्या कितीतरी शाळांना मुलं मिळत नाहीत, कुलुपं लागताहेत. पटावर पाच-सात मुलं असलेल्या वर्गात मी स्वतः बसले आहे. पुस्तकांचं कपाट होतं, किल्ली बाईंच्या पर्समध्ये. पुस्तकं खराब झाली तर जाब कोण देणार, ही त्यांची भीती. ती खोटी नव्हती.

दर श्रुतपंचमीला आपण ग्रंथांची पूजा करतो. तोंडी चालत आलेलं विसरलं जाईल या धास्तीने आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांनी ते लिहून काढलं, त्याचा हा दिवस. ग्रंथाला कुंकू वाहतो, नवं वेष्टण घालतो आणि परत कपाटात ठेवतो. स्वाध्यायाचे पाच प्रकार मात्र लहानपणी घोकलेले असतात: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. म्हणजे वाच, विचार, मनात घोळव, पुन्हा म्हण, मग दुसऱ्याला सांग. शाळेत आम्ही पहिल्यावरून चौथ्यावर उडी मारतो. वाचा आणि पाठ म्हणा. मधलं विचारणं आणि घोळवणं गाळलं, की पाचव्याला सांगायला उरतं काय? निसर्गरम्य गाव!

मी केलं ते फार मोठं नाही. तासाची पहिली दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं, आणि त्यावर प्रश्नोत्तरं द्यायची नाहीत. मुलांनी मध्येच काही विचारलं तर थांबायचं. पहिले दोन महिने कुणी काही विचारलं नाही, मला वाटलं फुकट गेले. अभ्यासक्रम मागे पडला, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. कपाटाची किल्ली मुलांकडे दिली. तीन पुस्तकं हरवली, एक भिजून परत आलं. घरच्या आजीला पोथी वाचून दाखवायची आणि ती मध्ये काय बोलली ते चार ओळींत लिहून आणायचं, असाही एक उद्योग दिला. त्या चार ओळींच्या काहींच्या दोन-दोन पानं झाली. आज्या गप्प बसतात थोड्याच! निबंधांत ‘निसर्गरम्य’ अजूनही येतं. पण सगळ्यांत नाही.

मागच्या वर्षी नववीत कोसंबी वाचून झाल्यावर ‘आमची वाट’ असा विषय दिला. पेडण्याहून आलेला एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, वही घेऊन टेबलापाशी आला.

“टीचर, ‘न्हंय’ लिहिलं तर मार्क जातील?”

“नाही जायचे.”

“अवतरण चिन्हात घालू?”

“नको,” म्हटलं. “सरळ लिही.”