काट्याने काटा, चुन्याने चुना

गेल्या महिन्यात आमच्या वॉशिंग मशीनने संप पुकारला. पाणी घ्यायचं, गरगर फिरायचं, पण गरम पाण्याच्या प्रोग्रॅमवरही कपडे बाहेर यायचे ते थंडगार. मेकॅनिकने मागचं झाकण उघडून हीटर बाहेर ओढला आणि माझ्यासमोर धरला. हीटर कसला, पांढऱ्या पोवळ्याचा तुकडाच! "साहेब, बोअरचं पाणी ना? क्षार धरलेत," एवढंच बोलून त्याने बिलबुक काढलं.

योगायोग असा की त्याच आठवड्यात सोसायटीची सभा होती आणि विषय होता सॉफ्टनर प्लँट. गेल्या वर्षी याच विषयाच्या विरोधात हात वर करणारा मीच. (खर्च कशाला, अशी माझी बाणेदार भूमिका!) आता हीटरचं बिल हातात घेऊन पुन्हा हात वर करण्याआधी म्हटलं, जरा वाचून बघू. शनिवार-रविवार त्यातच गेला, पण वसूल झाला.

आधी शाळेतली थोडी उजळणी. सुफेन आणि दुष्फेन पाणी आठवतंय? जमिनीत मुरणारं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं, सौम्य आम्ल बनतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवतं. हे पाणी तापवलं की वायू उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट घन होऊन बसतं. कुठे? तर जिथे सगळ्यात जास्त गरम असेल तिथे, म्हणजे थेट हीटरवर.

पण हीटर आणि मशीन येण्याच्या कितीतरी आधीपासून जड पाणी माणसाला छळत होतं, ते साबणापायी. साबण कॅल्शियमशी संयोग पावून चिकट साका होतो, आणि सगळं कॅल्शियम संपल्याशिवाय फेस म्हणून येत नाही. मी हिशोब मांडून बघितला. लिटरला ३०० मिलिग्रॅम कठीणपणा असलेल्या १० लिटरच्या बादलीत तीन ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका ऐवज असतो. तो जवळजवळ १८ ग्रॅम साबण गिळंकृत करतो, आणि मग उरलेला साबण कपड्यांच्या वाट्याला येतो! (आजीचा रिठा इथे हुशार. त्याचा फेस कॅल्शियमला फारसा जुमानत नाही.)

हाच हिशोब एकोणिसाव्या शतकात थॉमस क्लार्क नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकाने मांडला. हे गृहस्थ ॲबरडीनच्या मॅरिशल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. पाण्याचा कठीणपणा मोजायची त्यांची पद्धत अगदी घरगुती होती. मोजून साबणाचं द्रावण घालत जायचं, बाटली हलवायची आणि फेस टिकायला किती द्रावण लागतं ते बघायचं. ब्रिटनमध्ये 'क्लार्क डिग्री' हे माप त्यांच्याच नावावर रूढ झालं. एक डिग्री म्हणजे लिटरला सुमारे १४ मिलिग्रॅम.

१८४१ साली त्यांनी पेटंट घेतलं ते पाणी मऊ करण्याच्या युक्तीचं. युक्ती अशी की चुनखडीच्या पाण्यात आणखी चुना घालायचा! ऐकायला वेडेपणा वाटतो, पण चुनखडी पाण्यात टिकते ती कार्बन डायऑक्साइडच्या जिवावर. चुन्याची निवळी घातली की ती हा वायू पकडते, मग आधीचा आणि नंतरचा दोन्ही चुना खडू होऊन तळाशी बसतो. काट्याने काटा काढणं ते हेच.

इतकी स्वस्त आणि सोपी युक्ती लंडनने लगेच उचलली असेल ना? तिथलं पाणी तर टेम्सचं आणि खडूच्या टेकड्यांमधलं, म्हणजे चांगलंच जड. तर नाही. १८५० साली तिथल्या आरोग्य मंडळाने मऊ पाण्याची बाजू घेताना साबणाच्या बचतीचा मुद्दा मांडला. १८५४ मध्ये प्लमस्टेड इथे क्लार्कपद्धतीवर पाणी मऊ होऊ लागलं. पण लंडनच्या मोठ्या खाजगी पाणी कंपन्यांनी ती पद्धत सरसकट काही स्वीकारली नाही. मला यात रसायनशास्त्राइतकंच हिशेबशास्त्र दिसतं. चुन्याचा, टाक्यांचा, गाळ उपसायचा खर्च कंपनीच्या वहीत आणि साबणाची बचत धुणाऱ्या बाईच्या घरात. एकाने पैसे घालायचे आणि दुसऱ्याचे वाचायचे, तर कोण कशाला हलेल? (आमच्या धंद्यातही चूक सर्व्हरवर दुरुस्त करायची की प्रत्येक युजरच्या माथी मारायची, हा वाद रोजचाच. निकाल बहुधा कुठला लागतो ते सांगायला नकोच.)

ग्लासगोने वेगळा रस्ता धरला. १८५९ पासून त्यांनी लॉक कॅट्रिन या तळ्याचं मुळातच मऊ पाणी शहरात आणलं. साबणाची चैन झाली, पण मऊ पाण्याने घराघरांतल्या शिशाच्या नळांतलं शिसं विरघळवायला सुरुवात केली. शेवटी १९७८ मध्ये त्या पाण्यात मुद्दाम चुना घालायची वेळ आली! क्लार्कसाहेब असते तर गालात हसले असते.

दुसरा धागा सापडतो तो चक्क शेतात. एच. एस. थॉम्पसन या यॉर्कशायरच्या जमीनदाराला प्रश्न पडला होता की शेणखतातला अमोनिया पावसाने वाहून का जात नाही. त्याने मातीच्या थरातून अमोनियम सल्फेटचं द्रावण सोडलं, तर खालून बाहेर आलं कॅल्शियम सल्फेट! मातीने अमोनिया ठेवून घेतला आणि बदल्यात कॅल्शियम दिलं. जे. थॉमस वे या रसायनतज्ज्ञाने हेच पुढे कसून तपासलं. दोघांचं काम १८५० मध्ये छापून आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट गान्स या जर्मन शास्त्रज्ञाने हीच अदलाबदल पाणी मऊ करायला वापरली. कॅल्शियम ठेवायचं, सोडियम द्यायचं, आणि माल संपला की मिठाच्या पाण्याने पुन्हा भरून घ्यायचा. आजच्या सॉफ्टनरला मिठाची पोती लागतात ती यासाठीच.

तिसरा रस्ता म्हणजे औषध पावडरीतच घालायचं. बॉयलरमधल्या थरांवर काम करणाऱ्या पिट्सबर्गच्या हॉल लॅबोरेटरीजने १९३३ मध्ये 'कॅलगॉन' आणलं. हे एक फॉस्फेट, जे कॅल्शियमला विरघळलेल्या अवस्थेतच धरून ठेवतं. १९४६ मध्ये अमेरिकेत आलेल्या टाइड पावडरच्या यशामागेही दुसरं एक फॉस्फेट होतं. जड पाण्यातही कपडे लख्ख! पण गटारातून ते फॉस्फेट तळ्यांत गेलं आणि तिथे शेवाळाला मेजवानी मिळाली. ईरी सरोवराची दशा इतकी झाली की १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांना ग्रेट लेक्सच्या पाण्यासाठी करार करावा लागला. युरोपियन युनियनने घरगुती धुण्याच्या पावडरींमधल्या फॉस्फेटवर २०१३ पासून कडक मर्यादा घातली. त्याची जागा बऱ्याच ठिकाणी झिओलाइटने घेतली, म्हणजे पुन्हा थॉम्पसनच्या मातीचीच अदलाबदल!

एवढं वाचल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. कठीणपणा नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो. क्लार्कने तो गाळात नेला, फॉस्फेटने बिल तळ्यावर फाडलं. मग आमच्या प्लँटचं काय? त्याचं खारट पाणी सांडपाण्याच्या टाकीत जाणार आणि तेच शुद्ध करून आम्ही बागेला घालतो. मीठ काही त्या शुद्धीकरणात निघत नाही. म्हणजे थॉम्पसनची अदलाबदल आमच्याच बागेत उलटी चालणार. माती सोडियम ठेवून घेणार, कॅल्शियम सोडणार आणि हळूहळू घट्ट, निकस होत जाणार.

सभेत मी एवढंच मांडलं. या वेळी विरोध नाही, पण प्लँटचं खारट पाणी बागेच्या पाण्यात मिसळू द्यायचं नाही आणि ते कुठे सोडणार हे आधी लेखी ठरवायचं. शिवाय पाणी शून्यावर आणायचा हट्ट नको. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला २०० मिलिग्रॅम कठीणपणा स्वीकारार्ह आहे, तेवढ्यावर भागतं. खजिनदार म्हणाले, "तुम्हीच गेल्या वर्षी नाही म्हणत होतात ना?" म्हटलं, होय, तेव्हा हीटर चालू होता.

निर्णय पुढच्या सभेत. तोवर घरी माझा साधा कारभार आहे. गरज असेल तेव्हाच गरम पाणी, पावडर पाण्याच्या कठीणपणाप्रमाणे मोजून, आणि अधूनमधून मशीनच्या माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे लिंबूसत्त्व घालून एक रिकामी फेरी. (ब्लीच आणि आम्ल एकत्र करायचं नाही, विषारी वायू निघतो!)

जुना हीटर मात्र टाकलेला नाही. टेबलावर ठेवलाय. बायको म्हणते फेका तो, मी म्हणतो पुढच्या सभेला न्यायचाय.