टायरमधली हवा आणि तो पिवळा दिवा

ऑक्टोबर आला की आपल्या उंटरश्लाइसहाइममध्ये हिवाळी टायर चढवायची गडबड सुरू होते, आणि एखाद्या गारठलेल्या सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो: घोड्याच्या नालेसारखी आकृती, मध्ये उद्गारचिन्ह. गॅरेजमध्ये याला 'आर.डी.के.एस.' म्हणतात. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून नव्या प्रवासी गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची आहे.

हिचे प्रकार दोन. एकात प्रत्येक चाकात सेन्सर असतो; तो दाब मोजून रेडिओलहरींनी कळवतो. त्याची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षे टिकते, मग बहुधा अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. हिवाळी चाकांचा वेगळा संच घेताना त्यातही सेन्सर लागतात, म्हणून खर्च आधीच विचारावा. दुसऱ्यात चाकात काहीच नसते. हवा कमी झालेले चाक किंचित जास्त वेगाने फिरते, तेवढ्यावरून एबीएसचे सेन्सर ओळखतात. युक्ती झकास, पण चारही चाकांतली हवा सारखीच उतरली तर ती चकू शकते. हवा भरल्यावर किंवा चाके बदलल्यावर रीसेट करावेच लागते.

तापमान १० अंशांनी उतरले की दाब सुमारे ०.१ बार घटतो, म्हणजे दिवा लागला की पंक्चरच असे नाही. तरी ए-९२ वर चढण्याआधी पंपावर हवा तपासाच. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. तो थंड टायरसाठी असतो. दिवा आधी लुकलुकून मग स्थिर झाला, तर सहसा बिघाड यंत्रणेतच असतो.