पत्र्यावर उलगडलेला घनाकार

शिरगावचा किनारी कोट १७३९ साली, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, फिरंग्यांच्या अंमलातून मराठ्यांकडे आला आणि त्यानंतर सातच वर्षांनी फ्रान्समध्ये गास्पार मोंज याचा जन्म झाला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध कोणताच नाही. तथापि ज्या शास्त्राच्या आधारे आज शिरगाव-पालघरकडचे कारागीर बोईसरच्या कारखान्यांत डक्टचा पत्रा आणि पाइपांची तोंडे आखतात, त्या शास्त्राला सुसूत्र रूप मिळाले ते किल्ल्यांच्याच गरजेतून, हे या भूमीच्या इतिहासकाराने आवर्जून लिहून ठेवावे असे मला वाटते. शत्रूच्या तोफेपासून तटाचा कोणता भाग किती उंचीवर झाकला जाईल, हा प्रश्न मेझिएरच्या लष्करी विद्यालयात लांबलचक आकडेमोडीने सोडवीत असत; तरुण मोंजने तो वस्तूचे दोन परस्परलंब प्रतलांवर प्रक्षेप घेऊन, केवळ रेषा आखून सोडवला, आणि ही रीत लष्करी गुपित म्हणून कित्येक वर्षे दडवून ठेवण्यात आली. १७९५ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्मालमधील त्याच्या व्याख्यानांतून ती प्रकट झाली, आणि तटबंदीसाठी योजलेली विद्या पुढे बॉयलर, चिमणी आणि धुराड्याची नळी घडविणाऱ्यांच्या हाती आली.

आपल्याकडे घनाकाराचे ज्ञान नव्हते असे मात्र मुळीच नाही. कासार-तांबटांनी ठोकून उठवलेली भांडी आणि या किनाऱ्यावरील सुतारांनी कागदावर रेघही न ओढता बांधलेल्या होड्या हा त्याचा प्रत्यक्ष दाखला आहे. परंतु ते ज्ञान हातात आणि नजरेत वसलेले होते. एकाने आखावे, दुसऱ्याने कापावे आणि तिसऱ्याने शेकडो कोसांवर जोडावे, अशी त्याची व्यवस्था नव्हती.

ही व्यवस्था या मुलुखात मोठ्या प्रमाणावर अवतरली ती तारापूरच्या अणुविद्युत केंद्राबरोबर. १९६४ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी करार झाला, बांधकामात बेकटेल कंपनीचा सहभाग होता, आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी प्रत्येकी २१० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. अशा केंद्राचा देह म्हणजे मुख्यत्वे नळ्याच होत; आणि पुढे दुय्यम बाष्पजनकांच्या नळ्यांतील बिघाडामुळे त्याच भट्ट्यांची क्षमता १६० मेगावॉटवर आणावी लागली, यावरून नळीचे महत्त्व वाचकाच्या ध्यानी यावे. दरम्यान १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत बोईसरलगत उभी राहिली. रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आले, आणि ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शेती, वाडी किंवा मासेमारी होती त्यांतील कित्येकजण फिटर, वेल्डर आणि पत्रेकाम करणारे झाले.

या साऱ्या मंडळींत मार्किंग, म्हणजे कापण्याच्या रेषांची आखणी, करणाऱ्याचे स्थान मला सर्वांत आदरणीय वाटते. त्याचे काम किती सूक्ष्म असते हे एका उदाहरणाने पाहू. ६०० मिलिमीटर चौरस डक्ट ४०० व्यासाच्या पंख्याच्या गोल तोंडाला जोडावयाचा आहे आणि मधली उंची ४०० आहे. हा चौकोनातून गोलाकडे जाणारा तुकडा चार सपाट त्रिकोण आणि चार कोपऱ्यांतील शंक्वाकार पाकळ्या मिळून होतो. वर्तुळाच्या प्रत्येक पावाचे तीन भाग करून कोपऱ्यापासून त्या बिंदूंपर्यंत रेषा ओढल्या, तर वरून पाहिलेल्या आराखड्यात कडेची रेषा ३१६ आणि मधली २३७ मिलिमीटर दिसते. पण या लांबीने पत्रा कापणारा फसतो, कारण रेषा तिरपी चढत असते. म्हणून काटकोन आखून आडव्या बाजूवर ३१६ आणि उभ्या बाजूवर ४०० मांडावे. कर्ण ५१० भरतो, आणि मधल्या रेषेचा ४६५. या खऱ्या लांब्या कंपासात घेऊन त्रिकोणाला त्रिकोण जोडीत गेले की उभा आकार पत्र्यावर आडवा उलगडतो. दिवाळीत आकाशकंदिलाचा पुठ्ठा कापताना चिकटवण्यासाठी पट्टी राखून ठेवतात, तशीच येथे सांध्याच्या घडीसाठी आणि फ्लँजसाठी जागा सोडावी लागते. ती विसरली तर अचूक गणितानेही तुकडा तोकडा पडतो.

पाइपाचे गणित याहून सोपे भासते, आणि म्हणूनच अधिक घात करते. सहा इंची नळीच्या लाँग रेडियस एल्बोचे मध्यापासून तोंडापर्यंतचे अंतर, दीडपट व्यासाच्या नियमाने, २२९ मिलिमीटर. आराखड्यावर दोन वळणांच्या मध्यांत २००० लिहिलेले असले तरी सरळ नळी कापावयाची ती दोन्हीकडचे २२९ वजा जाता १५४२, आणि वेल्डिंगसाठी दोन्ही सांध्यांत तीन-तीन मिलिमीटर फट सोडली तर १५३६. जुने फिटर हा हिशोब नळीवरच खडूने मांडीत. फांदी काढावयाची झाल्यास परिघाचे बारा भाग करून जाड कागदाचा फर्मा कापीत आणि तो नळीला गुंडाळून कड आखीत. चांगला फर्मा तेलकट होईतो जपला जाई.

संगणकाने हे सारे पुसून टाकले, ही समजूत मला मान्य नाही. केंब्रिजमध्ये १९७० च्या दशकात नळकामाचे त्रिमितीय प्रारूप करणारी पीडीएमएस प्रणाली घडली, १९८२ च्या अखेरीस ऑटोकॅड आले, आणि आता इमारतीतील प्रत्येक डक्ट व पाइप प्रथम पडद्यावर उभा राहतो. परंतु रचनेचे प्रारूप आणि घडणीचे प्रारूप यांत भेद आहे, आणि नवशिक्याने पहिला धडा घ्यावयाचा तो हाच. पहिल्यात हवा कोठून कोठे जाते एवढे दाखविणारी अखंड नळी पुरते. दुसऱ्यात ती नळी पत्र्याच्या रुंदीइतक्या, म्हणजे साधारणतः सव्वा मीटरच्या आतल्या, तुकड्यांत विभागावी लागते, आणि प्रत्येक तुकड्याची जाडी, सांध्याचा प्रकार, फ्लँज, लटकवणीचे ठिकाण व क्रमांक यांचा तपशील त्याच्या दफ्तरी नोंदवावा लागतो. भारतीय मानक ६५५ नुसार ७५० मिलिमीटरपर्यंतच्या बाजूला सामान्यतः ०.६३ मिलिमीटरचा आणि पुढे १५०० पर्यंत ०.८० चा पत्रा योजतात. हा नियम प्रणालीच्या कोशात एकदा चुकीचा भरला गेला, तर ती विनातक्रार शेकडो तुकडे चुकीचे कापून देते. खडूने आखणाऱ्याची चूक एका पत्र्यावर थांबत असे.

म्हणून कार्यशाळेत काही काळ हाताने उलगडा करून आलेला मनुष्यच प्रारूपकार म्हणून श्रेष्ठ ठरतो, असे माझे ठाम मत आहे. आपल्या कारखान्याच्या फोल्डिंग यंत्रात केवढा तुकडा मावतो, ट्रकमध्ये किती उंचीचा स्पूल, म्हणजे कार्यशाळेत आधीच जोडलेला नळ्यांचा भाग, बसतो, छताखाली वेल्डरचा हात पोहोचेल काय, हे प्रश्न त्याला आपोआप सुचतात. आणि जुन्या मार्किंगवाल्यांच्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी पालघर-बोईसरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी त्या मागून घेऊन जतन कराव्यात, ही विनंती मी कळकळीने करतो. त्या वह्यांतील एक दंडक तर आजच्या प्रारूपातही जसाच्या तसा चालू आहे: साइटवर जुळणाऱ्या शेवटच्या स्पूलचे एक टोक शंभर-दीडशे मिलिमीटर लांब ठेवून पाठवतात, कारण भिंत आणि पाया आराखड्याबरहुकूम उभे राहिलेच असतील याची हमी कोणी देत नाही, आणि ते अंतर फिटर जागेवर मोजूनच कापतो.